घरगुती सेडानची वाढीव ताकद : कुर्ल्यापासून वसमतपर्यंत

कारखान्यातून आलेल्या साध्या सेडानला, म्हणजे चार दारे आणि मागे स्वतंत्र डिकी असलेल्या घरगुती मोटारीला, बाहेरचे सुटे भाग बसवून अधिक वेगवान करण्याची प्रथा महाराष्ट्रात हौसेइतकीच टंचाईतूनही रुजली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. परंतु १९५३ नंतर मोटार देशातच टप्प्याटप्प्याने घडवण्याची योजना असलेल्या कंपन्यांनाच शासनाने वाव ठेवल्यामुळे ग्राहकाला दोन-तीन नावांतूनच निवड करावी लागे, आणि तीही वर्षानुवर्षे क्रमांकाची वाट पाहून. सत्तरच्या दशकात हीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली, तरी १०८९ घनसेंटिमीटरचे आणि सुमारे ४० अश्वशक्तीचे तिचे इंजिन फारसे बदलले नाही. कारखान्याने जे दिले नाही, ते मग मिस्त्रीकडून करून घेतले जाऊ लागले.

या कामाचे तंत्र लेथ आणि पाना यांच्या आवाक्यातले होते. इंजिनाच्या हेडचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, खालचा पृष्ठभाग यंत्रावर थोडा कापला की ज्वलनाची जागा लहान होते, पेट्रोल व हवेचे मिश्रण अधिक दाबले जाते आणि तेवढ्याच इंधनातून अधिक जोर मिळतो. मात्र दाब फार वाढला आणि पेट्रोल हलक्या प्रतीचे असले, तर मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागते. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा भाग, मोठा किंवा दुहेरी बसवणे आणि धूर मोकळा निघावा म्हणून सायलेन्सरची नळी रुंद करणे, हे त्याचे पुढचे टप्पे होत. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शोलावरमच्या जुन्या युद्धकालीन धावपट्टीवर भरवलेल्या शर्यतींत अशा सुधारित फियाट धावत. पद्मिनीच्या चारही चाकांना मर्यादित ताकदीचे ड्रम ब्रेक होते, ही गोष्ट मात्र येथे विसरता येत नाही, कारण थांबण्याची क्षमता न वाढवता वाढवलेला वेग हा सुधारणा या नावास पात्र ठरत नाही.

वसमतची परिस्थिती वेगळी होती. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात आणि तेव्हापासून हिंगोली जिल्ह्यात असलेल्या, ऊस आणि हळद यांवर उभ्या असलेल्या या तालुक्यात शर्यतीचे मैदान नव्हते, आणि मोटारीकडून अपेक्षा होती ती भरल्या गाडीने नांदेड, परभणी गाठण्याची.

खरा पालट आणला तो इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने, ज्यात इंधन किती आणि केव्हा सोडायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. २००८ साली आलेल्या डिझायर या सेडानमधील १२४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन सुमारे ७५ अश्वशक्ती देई, तर फियाटच्या रांजणगाव येथील कारखान्यात तयार होणाऱ्या लिनिया या सेडानमध्ये त्याच घराण्यातील इंजिन ९० अश्वशक्तीपर्यंत जाई. त्यावरून केवळ संगणकातील आकडे बदलले, ज्याला रीमॅप म्हणतात, की तेवढी ताकद मिळते असा समज होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात लिनियाचा टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा, वेगळ्या रचनेचा, फिरत्या पात्यांचा होता. तो फरक दुर्लक्षून ताकद वाढवली, तर त्याचा भार क्लच आणि टर्बो यांच्यावर पडतो आणि थांबण्याची क्षमता मागे राहते, म्हणून या कामात ब्रेक व टायर यांना पहिला मान द्यावा आणि इंजिनाला शेवटचा.

कायदाही या प्रथेला आता आवर घालतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणीपत्रातील माहिती विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली असून, हिंगोली जिल्ह्याच्या एमएच-३८ क्रमांकाची वसमतची सेडान तिला अपवाद नाही.