तेरा सेंटीमीटर पाणी

फ्लोरिडात आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात एव्हरग्लेड्सच्या दक्षिण टोकाला, फ्लेमिंगो नावाच्या ठिकाणी गेलो होतो. खारफुटीच्या कडेला घोटाभर पाण्यात गुलाबी पक्षी उभे. "फ्लेमिंगो!" मी बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं. तिने दुर्बीण लावली आणि म्हणाली, "अहो, चोच बघा. चमचा आहे." ते होते रोझिएट स्पूनबिल, आपल्याकडच्या पांढऱ्या चमच्याचे गुलाबी चुलतभाऊ!

इथला पाणपक्ष्यांचा इतिहास सगळे बंदुकीपासून सुरू करतात. बायकांच्या हॅटवर खोवायला बगळ्यांची पिसं लागत. 1903 साली औंसाला 32 डॉलर, म्हणजे सोन्यापेक्षा महाग. ही पिसं विणीच्या हंगामातच येतात, त्यामुळे शिकार घरट्यावरच व्हायची आणि पिल्लं उपाशी मरायची. 8 जुलै 1905 ला गाय ब्रॅडली हा पक्षीरक्षक याच फ्लेमिंगोजवळ गोळी लागून मेला. (हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर 1902 सालीच बंदी आली होती, बरं का.) पुढे 1910 मध्ये न्यूयॉर्कने आणि 1918 मध्ये देशाने कायदा केला. पक्षी परतले. गोष्ट इथे थांबवली असती तर किती छान!

पण बंदुकीपेक्षा मोठी भानगड पोटाची निघाली. बगळा डोळ्यांनी मासा हेरतो, त्याचं ते सुप्रसिद्ध ध्यान त्यासाठीच. चमचा आणि वूड स्टॉर्क हा करकोचा मात्र स्पर्शावर जगतात. गढूळ पाण्यात अर्धवट उघडी चोच घालायची आणि मासा टेकला की मिटायची. फिलिप काल या संशोधकाने 1960 च्या दशकात मोजलं, करकोच्याची चोच 25 मिलिसेकंदांत मिटते. मी सेन्सरवर पोट भरणारा माणूस, वाचून थक्क झालो. पण चाचपडत मासे मिळायचे तर ते दाटीवाटीने हवेत, कारण एका जोडप्याला पिल्लांसकट एका हंगामात सुमारे 200 किलो मासळी लागते.

ही दाटी उन्हाळी पावसावर आणि कोरड्या हिवाळ्यावर अवलंबून. पावसात पाणी पसरतं, बोटाएवढे मासे वाढतात. नोव्हेंबरपासून पाणी ओसरलं की ते डबक्यांत गोळा होतात आणि नेमकी तेव्हाच पिल्लं बाहेर येतात. फ्लोरिडा बेच्या काठी खारफुटीतलं पाणी साधारण 13 सेंटीमीटरच्या खाली गेलं की मासे उथळ जागा सोडून खोलगट भागात उतरतात, आणि चमच्यांची पंगत बसते.

यात आमची जमात घुसली! 1948 च्या प्रकल्पापासून कालवे, बंधारे, पंप. पूर थांबवायला हिवाळ्यात पाणी सोडलं की गोळा झालेले मासे पुन्हा पांगतात आणि पक्षी घरटी सोडून जातात. करकोचे पूर्वी नोव्हेंबर-डिसेंबरात घरटी बांधत, ते फेब्रुवारी-मार्चवर गेले. म्हणजे पिल्लं उडायच्या आत पाऊस हजर. फ्लोरिडा बेमध्ये 1979 च्या सुमारास चमच्यांची बाराशेच्या वर घरटी होती. दक्षिणेकडचे नवे कालवे 1980 च्या दशकात चालू झाले आणि आकडा घसरत गेला. कोणी एक पीस उपटलं नव्हतं.

पाणी पुन्हा वळवण्याची योजना 2000 साली मंजूर झाली, काम अजून चालू आहे. दरम्यान समुद्राची पातळी चढली, आणि खारफुटीतलं पाणी तेरा सेंटीमीटरखाली उतरायलाच तयार नाही. चमचे आता खाडी सोडून उत्तरेला, आतल्या बाजूला घरटी करू लागले आहेत. तुमच्यापैकी कोणी इकडे आलात तर फ्लेमिंगोला जरूर जा, पण गुलाबी काही दिसलं तर आधी चोच बघा.