नगराचे विश्वस्त : महाडच्या इतिहासातील दोन प्रसंग

धर्मन्यासाच्या कारभारात काही मर्यादा प्रत्येक विश्वस्त निष्ठेने पाळत असतो. देवद्रव्य देवकार्यालाच लागावे, जीवदयेचा निधी जीवदयेसाठीच खर्च व्हावा, साधारण खात्याचा हिशोब चोख असावा आणि न्यासाच्या मिळकतीवर कोणी स्वतःची मालकी सांगू नये. मंदिराशेजारी ज्याचे घर आहे, त्याला म्हणून मंदिरावर अधिक हक्क मिळत नाही. उलट सकाळ-संध्याकाळ मंदिर त्याच्याच दृष्टीस पडत असल्यामुळे त्याचे दायित्व वाढते.

ही मर्यादा गावातील तळ्याला, रस्त्याला, नदीकाठाला आणि गटारालाही लागू आहे काय? रायगड जिल्ह्यातील महाड नगराला हा प्रश्न शंभर वर्षांत दोनदा फार तीव्रतेने पडला. पहिल्यांदा तो तळ्याच्या काठी उभा राहिला, दुसऱ्यांदा पुराच्या गाळात. कोकणच्या किनारपट्टीवर पिढ्यान्पिढ्या व्यापार-उदीम करीत आलेल्या आपल्या समाजाने या दोन्ही प्रसंगांचे मनन करण्याजोगे आहे.

बंदराचे नगर

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री नदी घाट उतरून महाडला वळसा घालते आणि पुढे हरिहरेश्वर-बाणकोटजवळ समुद्रास मिळते. भरतीचे पाणी खाडीतून आत येत असल्याने महाड हे समुद्रापासून दूर असूनही बंदर म्हणून नांदले. नगराजवळची गांधारपाले येथील बौद्ध लेणी या मार्गाच्या प्राचीनतेची साक्ष देतात. घाटावरचा माल खाली येई, किनाऱ्यावरचा माल वर जाई आणि या देवघेवीवर महाडची पेठ उभी राहिली. पेशवाईच्या उत्तरकाळात नाना फडणीसांनी १७९६ साली येथेच आश्रय घेतला होता. १८६६ साली नगरपालिका स्थापन झाली आणि नगराचा कारभार नगरवासीयांच्या प्रतिनिधींकडे येण्याचा मार्ग खुला झाला.

परंतु नगरवासी म्हणजे नेमके कोण, हे ठरावयाचे राहिलेच होते.

ठराव आणि ओंजळ

नगराच्या मध्यभागी चवदार तळे आहे. त्याच्या चारही बाजूंनी रस्ते आणि रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे, अशी त्या काळी वस्ती होती. तळ्याचे पाणी सवर्ण भरीत, अन्य धर्मीयांनाही ते मिळे, गुरेढोरेही तेथे तहान भागवीत. अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र त्या पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात तीन वर्षे त्या तळ्याची एकही ओंजळ ठरावानुसार भरली गेली नाही. नगरपालिका पुढे गेली होती, तळ्याभोवतीचे रहिवासी जेथे होते तेथेच राहिले.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेस जमलेल्यांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, ही एकच नोंद त्या काळाचे चित्र डोळ्यांपुढे उभे करते. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी शिस्तीने तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी घेतले. त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरातही हे लोक शिरणार, अशी खोटी आवई उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे घागरींनी पाणी उपसून व पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

याच नगरात सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखी माणसेही होती. स्वजातीयांचा रोष पत्करून ती परिषदेच्या बाजूने उभी राहिली. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली, तेव्हा मंडपासाठी कोणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. पेठेतील व्यापाऱ्यांनी असहकार केल्यामुळे शिधासामग्री बाहेरून आणावी लागली.

या शेवटच्या गोष्टीपाशी व्यापारी समाजाने क्षणभर थांबावयास हवे. त्या पेठेत कोणत्या ज्ञातीची किती दुकाने होती, याची मोजदाद करून सुटका होणार नाही. तराजू हातात असणाऱ्यांनी त्या दिवशी तो खाली ठेवला, एवढे खरे. आपण मुंगीला साखर घालतो, पक्ष्यांना दाणे टाकतो, पांजरपोळांना देणग्या देतो. ज्या तळ्यावर जनावराची तहान भागत होती, तेथे माणसाची तहान अडविली गेली आणि पेठ गप्प राहिली, हे जीवदयेच्या कोणत्याही व्याख्येत बसणारे नाही. प्रतिक्रमणात आपण स्वतःच्या दोषांप्रमाणेच कळत-नकळत अनुमोदिलेल्या दोषांचीही आलोचना करतो. इतिहासाचे वाचनही त्याच वृत्तीने व्हावे.

मालकी कोणाची?

तळ्याचा वाद न्यायालयात गेला. चवदार तळे खासगी आहे आणि वहिवाटीने ते ठरावीक लोकांचेच आहे, असा वादींचा दावा होता. डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाईहुकूम मिळाला आणि न्यायालयाचा मान राखून डॉ. आंबेडकरांनी दुसऱ्या परिषदेतील नियोजित सत्याग्रह स्थगित केला. खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. ज्या प्राचीन वहिवाटीचा आधार घेतला जात होता, ती त्यांना सिद्ध करता आली नाही.

या निकालातून कायद्याइतकेच नगरधर्माचे तत्त्वही स्पष्ट होते. काठावर घर असल्याने तळे आपले होत नाही. जे सर्वांचे आहे, त्याचे शेजारी हे फार तर राखणदार असतात. आज त्याच तळ्याकाठी डॉ. आंबेडकरांचे स्मारक आहे आणि दरवर्षी २० मार्चला दूरदूरचे लोक तेथे अभिवादनास येतात. ज्या पाण्यासाठी नगर दुभंगले, त्याच पाण्याने महाडचे नाव देशाच्या इतिहासात कोरले.

पाण्याचे दुसरे रूप

महाडकरांना पुराचे नवल नाही. एका बाजूने सावित्री, दुसऱ्या बाजूने रायगडाकडून येणारी गांधारी आणि समोरून चढणारी समुद्राची भरती, अशा कोंडीत हे नगर वसले आहे. घाटमाथ्यावर अतिवृष्टी झाली आणि त्याच वेळी भरती असली, की नदीचे पाणी पुढे सरकत नाही, ते पेठेत शिरते. त्यात पात्रात वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, बेटे वाढली आणि पाण्याची वाट अरुंद झाली. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्याने पूर आणि दरडी यांचा भीषण अनुभव घेतला होता.

जुलै २०२१ मध्ये त्याहूनही कठीण वेळ आली. २२ आणि २३ जुलैच्या दरम्यान महाबळेश्वरी २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाडची पेठ पाण्याखाली गेली, संपर्क तुटला. तालुक्यातील तळिये गावावर २२ जुलैस दरड कोसळून ८० हून अधिक जीव गेले. पाणी ओसरल्यावर दुकानांत आणि घरांत चिखलाचे थर उरले. धान्य, कापड, औषधे, वह्या-पुस्तके, हिशोबाची दफ्तरे यांचा एकच लगदा झाला होता.

या वेळी तळ्याभोवतीच्या जुन्या भिंती कोणाच्या स्मरणात राहिल्या नाहीत. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या घरातला गाळ काढला. बाहेरगावांहून महापालिकांची पथके, सेवाभावी संस्था आणि तरुण मंडळे आली. अन्न शिजविणाऱ्याने घेणाऱ्याची जात विचारली नाही. १९२७ साली ज्या नगरात परिषदेला शिधा मिळाला नव्हता, तेथे २०२१ साली सर्वांनी एकाच पंगतीचे अन्न घेतले. या बदलाचे मोल पुराच्या हानीपुढे झाकले जाऊ नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतर घडली. संकट सरले की मदत थांबते आणि लोक आपापल्या उद्योगाला लागतात, हा नित्याचा अनुभव. महाडकर मात्र पुराच्या कारणांचा पाठपुरावा करीत राहिले. नदीतील गाळ व बेटे काढावीत, पाण्याच्या वाटेतील अडथळे दूर व्हावेत, पूर्वसूचनेची व्यवस्था असावी, या मागण्या घेऊन नागरिक संघटित झाले, बैठकांना बसले, शासनाकडे खेपा घालीत राहिले. पुढच्या पावसाळ्यापूर्वी सावित्रीच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. चिखल उपसणे हे चार दिवसांचे काम, नदीकडे लक्ष ठेवणे हे पिढ्यांचे.

न्यासधर्म आणि नगरधर्म

दोन्ही प्रसंगांचा बोध एकच आहे. १९२४ साली ठराव होता, पण त्यामागे रहिवासी नव्हते. म्हणून चांगला ठराव निष्प्राण राहिला आणि अखेर रद्द झाला. २०२१ नंतर रहिवासी उभे राहिले, म्हणून शासनाची यंत्रणाही हलली. कायदा, निधी आणि यंत्रसामग्री यांची गरज नाकारता येणार नाही. तथापि ‘हे आपले आहे’ आणि ‘हे सर्वांचे आहे’ ही दोन वाक्ये एकाच वेळी उच्चारणारा नागरिक नसेल, तर त्यांतून नगर सावरत नाही. ‘आपले’ एवढेच म्हणणारा तळ्यावर पहारा बसवितो. ‘सर्वांचे’ एवढेच म्हणणारा गटारात कचरा टाकून निघून जातो.

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने सर्व पंथांनी जैन प्रतीक स्वीकारले. जीव परस्परांना साहाय्यभूत असतात, असा अर्थ सांगणारे वचन त्या प्रतीकाखाली आहे. ते मंदिराच्या कमानीवर जितके शोभते, तितकेच पेठेतील पाणपोईवर आणि पावसाळ्यापूर्वी साफ केलेल्या नाल्याच्या काठावरही शोभेल.

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात पन्नास वर्षांचा जमाखर्च मांडला जाईल, दात्यांचे स्मरण होईल, पुढील संकल्प सोडले जातील. त्या संकल्पांत मंदिराच्या जीर्णोद्धाराबरोबर मंदिराबाहेरच्या रस्त्याचाही समावेश व्हावा. आळीतील नाला, पेठेतील पाणवठा, पुराच्या रात्री सर्वांसाठी उघडी राहणारी धर्मशाळेची माडी, हीसुद्धा न्यासधर्माचीच क्षेत्रे आहेत. न्यासाची मिळकत जशी पुढील पिढीच्या हाती अखंड सोपवावयाची असते, तसेच नगरही. त्याचे आपण मालक नाही, विश्वस्त आहोत.