पहिले नमन कोणाला? सांगली-साताऱ्यातील रंगमंचीय शिष्टाचाराची गोष्ट

१/ हौशी कलावंत रंगमंचाला हात लावून नमस्कार करतो आणि मगच बोलू लागतो. मंचावर कोणी केव्हा बोलावे आणि आधी कोणापुढे वाकावे, याचे संकेत सांगली-सातारा परिसरात दीर्घकाळ घडत आले आहेत. त्यांचा हा मागोवा.

२/ १८४३. सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून, तसाच परंतु अधिक नेटका खेळ मराठीत व्हावा, अशी राजांची इच्छा होती. धंदेवाईक नट मिळणे शक्यच नव्हते. नवख्यांनाच घडवावे लागले.

३/ खेळाचा क्रम ठरलेला असे. सूत्रधाराचे मंगलाचरण, विदूषकाची थट्टामस्करी, गणपतीचे आगमन, मग सरस्वती, त्यानंतरच कथानक. विदूषकालाही हसवण्याची मुभा होती, ती त्याच्या जागेपुरतीच.

४/ पात्रांची भाषणे लिहिलेली नसत. सूत्रधार पद गाई आणि नट त्या आशयाला धरून आयत्या वेळी बोलत. अशा खेळात एकाने लांबण लावली, तर दुसऱ्याचा प्रसंग कोलमडणार. राक्षसांच्या आरडाओरड्यामुळे पुढे या नाटकांना 'अलल्लडुर्र' म्हणून हिणवले गेले. मर्यादा सुटली की प्रेक्षक नाव ठेवतात, ते असे.

५/ शाहिरीतील कलगी-तुऱ्याचा शिष्टाचार वेगळा. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. एका फडाने कवनातून कूट प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने कवनातूनच तो सोडवायचा. प्रतिपक्षाचे कवन लक्षपूर्वक ऐकल्याखेरीज उत्तर देणेच अशक्य. ऐकणे हाही सादरीकरणाचाच भाग.

६/ तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) घरदार सोडून फडात उभे राहिले. ब्राह्मण कुलकर्ण्याने तमाशात जाणे ही समाजाच्या लेखी शिष्टाचाराची पायमल्ली होती. फडाचा क्रम मात्र त्यांनी निष्ठेने पाळला. शिष्टाचार एकच नसतो. तो कोणाचा, हेही विचारावे लागते.

७/ हा प्रश्न पुढे नेला वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे (जन्म १९२०) यांनी. अमर शेख व गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकातून लोकनाट्ये करताना त्यांनी गणाची जागा राखली, परंतु गणेशाऐवजी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले.

८/ रेठरे हरणाक्ष आणि वाटेगाव ही दोन्ही गावे तेव्हा सातारा जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सीमा बदलल्या, वंदनाचे दैवतही बदलले. बोलण्याआधी वाकण्याची रीत मात्र अण्णाभाऊंनीही मोडली नाही. कोणापुढे वाकायचे, तेवढे त्यांनी स्वतः ठरवले.