सीमाभागातील मराठी आणि फोनची कार्यप्रणाली

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील शेतकऱ्याची बोली मराठी, पण जमिनीचा उतारा म्हणजे ‘पहाणी’ कन्नडमध्ये मिळते. त्यामुळे येथे स्मार्टफोन निवडताना किंमत आणि कॅमेरा यांच्याइतकाच, तो या दोन्ही भाषा कशा हाताळतो हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

गूगलच्या अँड्रॉइडने 5.0 या आवृत्तीत, 2014 मध्ये, मराठी व कन्नड या दोन्ही भाषा फोनच्या मुख्य भाषा म्हणून स्वीकारल्या. ॲपलच्या आयफोनवर मराठी कळफलक होता, परंतु सेटिंग्ज व सूचना या भाषांत दिसू लागल्या त्या आयओएस 18.4 सोबत, 2025 मध्ये. टंकलेखन मराठीत आणि मेनू इंग्रजीत, ही दहा वर्षे पुरलेली अर्धीच सोय होती. अनुवादात मात्र अंतर उरलेले नाही. गूगल लेन्स दोन्हीकडे चालते आणि कन्नड नोटिशीचा ढोबळ आशय मराठीत कळतो. कायद्याच्या संज्ञांत ते चुकू शकते, म्हणून मुदत व सर्व्हे क्रमांक तलाठ्याकडूनच पडताळून घ्यावेत.

तिसऱ्या प्रणालीची आशा फारशी नाही. पुरेशी ॲप्स न मिळाल्याने विंडोज फोन मागे पडला; आयआयटी मद्रासच्या पाठबळाने 2023 मध्ये पुढे आलेल्या ‘भारओएस’समोरही तोच अडथळा आहे. स्पर्धा आता सुरक्षा अद्ययावतीकरणाच्या कालावधीवर सरकली आहे. गूगल व सॅमसंग आपल्या महागड्या फोनना सात वर्षांची हमी देतात. स्वस्त अँड्रॉइड संचांना ती सहसा बरीच कमी मिळते, आणि ग्रामीण ग्राहकाच्या हाती बहुधा तेच संच असतात.