गाडी फिरवणारी जमीन

शहरातील एखाद्या जुन्या इमारतीच्या फाटकापाशी सकाळी नऊच्या सुमारास एक दृश्य हमखास दिसते. आतून एक मोटार उलटी बाहेर येत असते. चालक मान वळवून मागच्या काचेतून पाहत असतो आणि रखवालदार एका हाताने रस्त्यावरची वाहने थोपवत 'आने दो, आने दो' असे ओरडत असतो. आवारात गाडी शिरते ती सरळ. मात्र आत वळायला जागा नसल्याने बाहेर पडते ती पाठमोरी. या अडचणीवरचा एक यांत्रिक तोडगा मोटारगाडीच्या बालपणापासून ओळखीचा आहे. गाडी वळवायला जागा नसेल, तर गाडी उभी असलेली जमीनच फिरवायची. ही फिरती जमीन म्हणजे मोटारींचे टर्नटेबल.

ग्रामोफोनची तबकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या यंत्राची कल्पना सांगावी लागणार नाही. फरशीच्या पातळीत बसवलेली पोलादी गोल तबकडी, तिच्यावर गाडी नेऊन उभी करायची, तबकडी अर्धा फेरा फिरवायची आणि गाडी आली तशीच सरळ बाहेर काढायची. एवढे साधे काम करणाऱ्या यंत्रासाठी कोणी खर्च का करावा, याचे उत्तर चौरस फुटांत मिळते. मारुती ८०० ही आकाराने लहान आणि चटकन वळणारी गाडी म्हणून नावाजलेली होती. तिची वळणत्रिज्या ४.४ मीटर होती. म्हणजे एका दमात पूर्ण वळण घेण्यासाठी तिला जवळजवळ ९ मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागे आणि त्याचे क्षेत्रफळ होते सुमारे साडेसहाशे चौरस फूट. मुंबईत तेवढ्या जागेत एक कुटुंब संसार थाटते. उलट चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद गाडी स्वतःच्या मध्याभोवती जागच्या जागी फिरली, तर तिचे कोपरे साधारण साडेचार मीटर व्यासाच्या वर्तुळात मावतात. हे क्षेत्रफळ भरते जेमतेम एकशे सत्तर चौरस फूट. टर्नटेबल जे वाचवते ते हे.

वळण्याच्या प्रश्नाची दुसरी वाट खुद्द गाडीच्या रचनेतून जाते. लंडनच्या काळ्या टॅक्सीने २५ फुटांच्या, म्हणजे सुमारे ७.६ मीटरच्या वर्तुळात वळलेच पाहिजे, असा दंडक १९०६ पासून चालत आला आहे आणि त्यासाठी त्या टॅक्सीच्या पुढच्या चाकांची रचनाच वेगळी करावी लागली. पण कुठलीही नेहमीची मोटार जागच्या जागी गिरकी घेऊ शकत नाही. पुढची चाके कितीही वळवली तरी मागची चाके वळत नाहीत, ती पुढच्यांमागे फरफटत येतात.

या यंत्राचा पूर्वज रेल्वेच्या आवारात सापडतो. वाफेच्या इंजिनाला तोंड आणि पाठ होती. उलटे धावताना चालकाला कोळशाच्या डब्यामुळे समोरचे नीट दिसत नसे. म्हणून मोठ्या स्थानकांवर आणि शेडमध्ये इंजिन फिरवण्यासाठी टर्नटेबले बांधली गेली. दोन्ही टोकांना चालकाची केबिन असलेली विजेची इंजिने आली, तशी त्यांची गरज सरत गेली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मात्र हा जुना खेळ आजही भर रस्त्यात पाहायला मिळतो. तिथल्या पॉवेल स्ट्रीटच्या मार्गांवरील केबल कार एकाच दिशेने धावू शकतात. शेवटच्या थांब्यावर लाकडी फळ्यांच्या टर्नटेबलवर गाडी येते आणि चालक व वाहक खाली उतरून ती हाताने ढकलत फिरवतात. पर्यटक भोवती गर्दी करून छायाचित्रे काढतात. त्याच शहरातील कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या गाड्या दोन्ही बाजूंनी चालवता येतात, म्हणून तिथे टर्नटेबल नाही, आणि अर्थातच तशी गर्दीही नाही.

रेल्वेचे इंजिन आणि मोटार यांच्या टर्नटेबलांत एक महत्त्वाचा फरक असतो. रेल्वेच्या जुन्या टर्नटेबलवर बहुतेक भार मधल्या खुंट्यावर तोलला जाई. इंजिन नेमके मध्यावर उभे राहिले नाही, तर ते फिरवताना माणसे मेटाकुटीला येत. मोटार दर वेळी नेमकी मध्यावर उभी करण्याची शिस्त कोणा चालकाकडून अपेक्षित नाही. त्यामुळे मोटारींच्या टर्नटेबलमध्ये मधले बेअरिंग मुख्यतः तबकडीला जागेवर धरून ठेवते आणि वजन पेलतात ते तबकडीखाली वर्तुळाकार मांडलेले रोलर. गाडी हातभर पुढे-मागे राहिली तरी बिघडत नाही. जात्याची वरची तळी खिळीभोवती फिरते तसेच हे, फक्त दगडावर दगड घासण्याऐवजी पोलादी पट्टीवरून चाके गडगडतात.

आणि ती किती हलकेच गडगडतात, याचा अंदाज बांधण्यासारखा आहे. गाडी आणि तबकडी मिळून वजन तीन टन धरले आणि रोलरचे घर्षण वजनाच्या शंभराव्या भागाइतके मानले, तर कडेवरून तबकडी ढकलायला साधारण तीस किलो वजनाएवढा जोर पुरतो. मिनिटाला एक फेरा या संथ गतीने ती फिरवत ठेवण्यास सत्तर वॅटच्या आसपास शक्ती लागेल. जुन्या काचेच्या दिव्याला एवढीच वीज लागत असे. प्रत्यक्षात मोटर याच्या कितीतरी पट मोठी बसवतात, कारण थांबलेले वजन हलवायला सुरुवातीला अधिक जोर लागतो, दातेचक्रांत काही शक्ती खर्ची पडते आणि काही वर्षांनी धूळ-गंजाने रोलर जड होतात. तरीही घरगुती वापराच्या टर्नटेबलसाठी पाण्याच्या पंपाएवढी मोटर सहसा पुरेशी होते. अर्ध्या मिनिटात गाडीचे तोंड फाटकाकडे होते.

खरी डोकेदुखी मोटरची नसून खड्ड्याची असते. तबकडी फरशीच्या पातळीत यावी म्हणून तिच्याखाली वीतभर किंवा थोडा अधिक खोल खड्डा करावा लागतो. उघड्या आवारात हा खड्डा पावसाचे पाणी, वाळलेली पाने आणि माती गोळा करतो. पाण्याचा निचरा नीट केलेला नसेल, तर एकाच पावसाळ्यात रोलरचे मार्ग गंजतात. कोकण किनारपट्टीच्या हवेत तर गंजरोधक लेप दिलेले पोलादच वापरावे लागेल. तबकडीची कड आणि भोवतीची फरशी यांच्यातील फटही काळजीपूर्वक ठेवावी लागते. ती रुंद असेल तर लहान मुलाची बोटे किंवा चपलेचे टोक तिच्यात अडकू शकते. अगदीच अरुंद असेल तर एखादा खडा अडकून तबकडी थांबते. शिवाय तबकडी गाडीपेक्षा लहान असली तरी चालते, कारण तिच्यावर फक्त चारही चाके मावावी लागतात. पण गाडीचे नाक आणि पाठ तबकडीबाहेर डोकावतात. तेवढा घेर भिंत, खांब, कुंड्या यांपासून मोकळा ठेवला नाही तर पहिल्याच फेऱ्यात बंपर जातो. बांधकामाच्या नकाशात तबकडीचे वर्तुळ आखले जाते आणि हे दुसरे, मोठे वर्तुळ विसरले जाते.

हा सारा खटाटोप केवळ सोयीसाठी असता, तर टर्नटेबल श्रीमंतांची हौस म्हणून सोडून देता आले असते. उलट्या जाणाऱ्या गाडीचा धोका मात्र खराखुरा आहे. गाडीच्या मागे लगतचा काही भाग चालकाला आरशात दिसतच नाही आणि त्या भागात उभे राहिलेले लहान मूल तर मागच्या काचेच्याही खालीच राहते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने नव्या मोटारींत मागचा कॅमेरा सक्तीचा करताना जो अंदाज मांडला होता, त्यानुसार उलट्या येणाऱ्या गाड्यांखाली तिथे वर्षाला सुमारे २१० जणांचा मृत्यू होत होता आणि त्यांपैकी ३१ टक्के मुले पाच वर्षांखालील होती. अशा अपघातात गाडी चालवणारा अनेकदा त्याच घरातला असतो. ती सक्ती तिथे मे २०१८ पासून पूर्णपणे अमलात आली. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत मागे जाताना इशारा देणारे सेन्सर सक्तीचे झाले. त्यापूर्वी आपल्याकडे ही जबाबदारी गाडी मागे घेताच वाजू लागणाऱ्या संगीतमय भोंग्यांवर होती, आणि त्यांनी किती जणांना सावध केले यापेक्षा किती जणांची झोप मोडली, हाच हिशेब मोठा निघेल. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये तर शक्य असल्यास गाडी घराच्या आवारात उलटी न्यावी आणि रस्त्यावर सरळ काढावी, असे सांगितले आहे. जिथे उलटी आत नेण्याइतकाही अवसर नाही, तिथे टर्नटेबल कामी येते.

आपल्या शहरांत हे यंत्र बंगल्यांच्या आवारापेक्षा यांत्रिक वाहनतळांत अधिक आढळते. मुंबई-पुण्यातील उंच इमारतींत गाड्या उद्वाहनातून वर नेऊन कप्प्यांत ठेवणारे मनोरे उभे राहिले आहेत. तिथे गाडी सरळ आत जाते आणि परत देताना तिचे तोंड रस्त्याकडे असावे लागते. त्यासाठी उद्वाहनाच्या तोंडाशी किंवा उद्वाहनातच टर्नटेबल बसवलेले असते. सोय मोठी आहे. पण शेकडो गाड्यांची वाट एका तबकडीवरून जाते, याचा विचार इमारत बांधणाऱ्यांनी आणि पुढे ती सांभाळणाऱ्या सोसायट्यांनी करायला हवा. तबकडी अडली की मागच्या सगळ्या गाड्या अडल्या. वीज गेल्यास मोटर सुटी करून तबकडी हाताने फिरवता येईल अशी सोय असणे फारसे अवघड नाही आणि ती आहे की नाही, हे घर घेताना विचारण्यासारखे आहे.

हाताने फिरवण्याची गोष्ट कोणाला मागासलेली वाटेल. त्यांनी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका छोट्या बोटीची हकिकत जाणून घ्यावी. तिथे मुख्य भूमीवरचे ग्लेनेल्ग हे गाव आणि स्काय या बेटावरचे कायलरे यांच्यामध्ये अर्ध्या किलोमीटरच्या आसपास रुंदीची एक खाडीवजा सामुद्रधुनी आहे. भरती-ओहोटीच्या वेळी इथला प्रवाह ताशी आठ सागरी मैलांपर्यंत जातो. एके काळी बेटावरची गुरे दक्षिणेच्या बाजारांकडे नेणारे गुराखी ती इथूनच पोहवत नेत. एका जनावराच्या शेपटीला मागच्याचा जबडा दोरीने बांधून अशी माळ होडीमागे ओढली जाई. आज इथे 'ग्लेनाहूलिश' नावाची बोट मोटारी पार करते. १९६९ साली ट्रून येथे बांधलेल्या या बोटीवर सहा मोटारी मावतात. तिचे सारे वैशिष्ट्य तिच्या डेकमध्ये आहे. हे डेकच एक टर्नटेबल आहे.

अशा प्रवाहात बोटीचे नाक सरळ धक्क्याला लावून ती स्थिर धरणे कठीण. म्हणून बोट उतरत्या धक्क्याला कडेने लागते. मग कर्मचारी अडसर काढतात आणि गाड्यांसकट डेक खांद्याने रेटत फिरवतात. डेकच्या टोकाची फळी धक्क्यावर टेकते आणि गाड्या सरळ पुढे उतरून जातात. नव्या गाड्या चढल्या की डेक पुन्हा बोटीच्या लांबीशी जुळवून अडकवले जाते. काही मिनिटांत पैलतीर येतो आणि तीच क्रिया दुसऱ्या बाजूला होते. ना मोटर, ना विजेचे बटण. स्कॉटलंडच्या या किनाऱ्यावर पूर्वी अशा अनेक बोटी होत्या. हाताने फिरवायच्या टर्नटेबलची चालू असलेली ही जगातील शेवटची बोट मानली जाते.

ती टिकली ही सहज घडलेली गोष्ट नाही. तिचा जन्म लॉख लीव्हनच्या मुखावरील बालाहूलिशच्या फेरीसाठी झाला. तिथे १९७५ मध्ये पूल झाला आणि सहा वर्षांच्या बोटीचे काम संपले. पुढे ती ग्लेनेल्गला आली. १९९५ मध्ये स्काय बेटालाही पुलाने मुख्य भूमीशी जोडले. त्या पुलाचा पथकर इतका भारी होता की त्याविरुद्ध बेटावासीयांनी अनेक वर्षे आंदोलन केले. डिसेंबर २००४ मध्ये तो रद्द झाला. फुकटचा पूल हाताशी असताना पैसे देऊन बोटीने कोण जाणार, हा प्रश्न उघड होता. स्थानिक लोकांनी तेव्हा एक सामुदायिक कंपनी स्थापन करून बोट आपल्या ताब्यात घेतली. पूल गाठायचा तर ग्लेनेल्गहून डोंगर ओलांडून मोठा वळसा पडतो हे खरे. पण पर्यटक आता वाट वाचवण्यासाठी नव्हे, तर डेक फिरताना पाहण्यासाठीच या रस्त्याने येतात. डोंगरावरून उतरणारा तो एकेरी रस्ता अरुंद आणि नागमोडी असल्याने बोटीपर्यंत पोहोचेतो अनेकांना समोरून आलेल्या गाडीला वाट देण्यासाठी आपली गाडी उलटी घ्यावी लागते. ईस्टरच्या सुमारास सुरू झालेल्या फेऱ्या ऑक्टोबरपर्यंत चालतात. नंतर हिवाळाभर बोट बांधून ठेवली जाते आणि वसंत ऋतूपूर्वी तिच्या डेकखालच्या भागांची डागडुजी होते.