मळवलीची शिळा आणि लॅपटॉपचा पडदा

तुंगार्लीच्या धरणावरून पावसाळ्यात टिपलेला फोटो लॅपटॉपच्या पडद्यावर पार्श्वभूमी म्हणून लावावा, असे कुणाला वाटले तर त्यात नवल नाही. हिरवे उतार, त्यांवर उतरलेले धुके आणि खाली पाणी, असे ते दृश्य असते. पण लावायला गेले की चित्र नीट बसत नाही. कधी डोंगरमाथा कापला जातो, कधी धुक्यात पट्टे उमटतात, कधी दुसऱ्या दिवशी पडदा नुसता काळा दिसतो. बहुतेक जण दोष लॅपटॉपला किंवा फोटोला देतात. माझे म्हणणे असे, की दोष बहुधा दोहोंतही नसतो. चित्र आणि ज्या पृष्ठभागावर ते बसायचे तो पृष्ठभाग, यांच्यामध्ये काही टप्पे असतात आणि बिघाड त्या टप्प्यांत असतो. हे टप्पे सांभाळणे हा एके काळी एक स्वतंत्र धंदा होता, आणि या धंद्याच्या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण तुंगार्लीपासून थोड्याच अंतरावर, लोणावळ्यात आणि पुण्याच्या दिशेने पुढचे स्थानक असलेल्या मळवलीत घडले. मावळ म्हटले की आपल्याला लोहगड-विसापूर, कार्ला-भाजे आठवतात. छापलेले चित्र घराघरांतल्या भिंतींवर पोहोचवणारा मावळ मात्र आपण विसरलो आहोत.

सामान्य माणसाच्या भिंतीवर रंगीत चित्र लागू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी चित्र म्हणजे देवळातले, वाड्यातले किंवा चित्रकाराकडून करवून घेतलेले. ज्याला ते परवडत नसे, त्याची भिंत कोरीच राहायची. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला आणि देवदेवतांची, पेशवाईतल्या पुरुषांची शिळाछाप रंगीत चित्रे बाजारात येऊ लागली. त्याच काळात राजा रविवर्मा यांच्या तैलचित्रांची ख्याती संस्थानांमधून पसरत होती. एकेक तैलचित्र एकाच महालात अडकते, मागणी मात्र हजारोंची आहे, हे तंजावरच्या मराठी घराण्यातले मुत्सद्दी सर टी. माधवराव यांनी ओळखले होते. चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढून घ्याव्यात, असे त्यांनी रविवर्मा यांना सुचवले होते. रविवर्मा यांनी पुढे जाऊन १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला, यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि शतक संपता संपता छापखाना घाट चढून मळवलीला आला. ही जागा आडवळणाची नव्हती. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्येच खुला झाला होता, त्यामुळे कागद, शाई आणि दगड वर आणायला आणि तयार चित्रे मुंबई-पुण्याला पाठवायला रेल्वे दाराशी होती.

इथे काय चालत असे, हे समजायचे तर शिळाछपाईची रीत जवळून पाहावी लागते. दगड म्हणजे एका विशिष्ट जातीचा चुनखडीचा, घोटून सपाट केलेला तुकडा. उत्तम प्रतीचा दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणींतून येत असे. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, मग शाईचा रोलर फिरवायचा. तेलकट भाग शाई धरतो, ओला भाग तिला दूर ठेवतो. एक दगड एकच रंग देतो. म्हणून रंगीत चित्रासाठी मूळ तैलचित्र डोळ्यांनी फोडावे लागे: यात पिवळा कुठे आणि किती, तांबडा कुठे, निळा कुठे, सावलीचा करडा कुठे. त्वचेची छटा नीट उतरवायची तर दहा-बारा किंवा त्याहून अधिक दगड लागत, आणि तोच कागद त्या प्रत्येक दगडाखालून जात असे. प्रत्येक वेळी तो आधीच्याच जागी बसला पाहिजे, यासाठी कडेला खुणा केलेल्या असत. छापखान्यात याला ‘रजिस्टर जुळणे’ म्हणतात. ते केसभर चुकले तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग ओठांबाहेर सांडतो. कागद तर दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. पहिला रंग पावसाळी दिवशी आणि पाचवा उघडिपीला छापला, तर दगड अचूक, चित्र अचूक, तरीही छाप चुकलेली. हे या धंद्याचे मूळ सत्य आहे: दोन बरोबर गोष्टी एकमेकींवर ठेवल्या की निकाल बरोबर येतोच असे नाही, त्यांना जुळवणारे कुणीतरी लागते.

हे जुळवणाऱ्यांचे काम किती मोलाचे होते, याचा पुरावा दोन माणसांच्या आयुष्यांत सापडतो. पहिला फ्रिट्झ श्लायशर, छापखान्यातला जर्मन तंत्रज्ञ. रविवर्मा आणि त्यांचे बंधू सी. राजराजवर्मा यांच्या हाती असताना छापखाना कर्जात बुडाला आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो श्लायशरने विकत घेतला. देशातला सर्वांत नावाजलेला चित्रकार ज्या कारखान्याला तारू शकला नाही, तो छपाई जाणणाऱ्या माणसाने चालवला. चित्रांबरोबर व्यापारी मालाची लेबले आणि जाहिराती छापून त्याने त्याला बाजाराची बैठक मिळवून दिली. दुसरे दादासाहेब फाळके. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून १९०६ च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यात एनग्रेव्हिंग आणि छपाईचा कारखाना काढला. त्याचे मुख्य काम रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथो ट्रान्सफर तयार करण्याचे होते. म्हणजे मूळ चित्र आणि छापणारा दगड यांच्यामधला दुवा करून देणे. पुढे हाफटोन ब्लॉक आणि तिरंगी छपाई आली, कारखाना दादरला गेला, १९०८ मध्ये भागीदार बदलून तो ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला, १९०९ मध्ये फाळके यंत्रांसाठी जर्मनीला गेले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लागला. चित्र एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर न बिघडता कसे न्यायचे, या एकाच प्रश्नावर या माणसाने आधी वर्षे घालवली होती, आणि त्यातला मोठा धडा लोणावळ्यात गिरवला होता.

आता लॅपटॉपकडे वळू. पहिला बिघाड मापाचा. आजच्या बहुतेक लॅपटॉपांचा पडदा १६ः९ किंवा १६ः१० या प्रमाणाचा असतो, फोनचा कॅमेरा मात्र सहसा ४ः३ या प्रमाणात फोटो काढतो. आडवा फोटो १६ः९ च्या पडद्यावर रुंदीने पुरा बसवला की उंचीचा एक चतुर्थांश भाग बाहेर राहतो. ‘फिल’ हा पर्याय तेवढा भाग कापतो, म्हणून डोंगराचा माथा जातो. ‘फिट’ सगळे दाखवतो, पण दोन्ही बाजूंना मोकळे पट्टे सोडतो. ‘स्ट्रेच’ चित्र ताणतो आणि चार फूट रुंद दिसायला हवी ती भिंत सव्वापाच फूट दिसते. फोटो उभा असेल तर ‘फिल’मध्ये त्याचा निम्म्याहून जास्त भाग गळतो. हे यंत्राचे चुकणे नव्हे. दोन आयतांची प्रमाणे वेगळी असली की काहीतरी सोडावेच लागते, आणि काय सोडायचे हे कुणीतरी ठरवावे लागते. शिळाछपाईत ते कारागीर दगडावर रेघ मारण्याआधी ठरवत असे. लॅपटॉपवर ते आपण ठरवले नाही, तर एक ठरीव नियम ते ठरवतो आणि त्या नियमाला डोंगर आणि आकाश यांतला फरक कळत नाही. उपाय जुनाच: फोटो आधी स्वतः १६ः९ मध्ये कापावा, रुंदी किमान पडद्याच्या पिक्सेलइतकी ठेवावी, मगच लावावा. मेसेजमधून फिरत आलेला फोटो वाटेत आक्रसलेला असतो. तो ताणला की पुसट होणारच, म्हणून मूळ फाइल मागून घ्यावी.

दुसरा बिघाड छटांचा, आणि तुंगार्लीचे धुके त्याची खरी परीक्षा घेते. साध्या पडद्यावर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. दाट धुक्याचा पट त्यांपैकी वीस-पंचवीस पायऱ्यांतच संपतो. १९२० पिक्सेल रुंदीवर चोवीस पायऱ्या पसरल्या तर प्रत्येक पायरी ८० पिक्सेल रुंद होते आणि डोळ्याला तिची कड दिसू लागते. कॅमेऱ्याने टिपलेला बारीक रवाळपणा ही कड झाकत असतो, पण जेपीईजी स्वरूपात दाबताना तोच आधी पुसला जातो. विंडोज ही प्रणाली पार्श्वभूमीला लावलेल्या जेपीईजी चित्राची स्वतःसाठी वेगळी प्रत बनवते आणि ती बनवताना गुणवत्ता आणखी थोडी उतरवते. म्हणून फोटो उघडून पाहिला तर चांगला दिसतो आणि पार्श्वभूमीवर पट्टेदार. चित्र पीएनजी स्वरूपात दिले की हा फरक अनेकदा मिटतो. शिळाछपाईतही सलग उतरती छटा ही अवघड गोष्ट होती, कारण शाई एक तर लागते किंवा लागत नाही. कारागीर दगडाला रवाळ करत, बारीक ठिपके कमी-अधिक दाट पेरत आणि डोळ्याला छटेचा भास देत. आजचे जाणकार पट्टे मोडण्यासाठी चित्रात किंचित रवाळपणा मिसळतात. तत्त्व तेच आहे.

तिसरा बिघाड चित्रच नाहीसे होण्याचा. यात सर्वांत आधी मूळ फाइल पाहावी. आळीपाळीने चित्रे बदलण्याची सोय चालू असेल आणि चित्रांचा फोल्डर हलवला, पुसला किंवा काढून घेतलेल्या पेनड्राइव्हवर राहिला, तर दाखवायला काही उरत नाही. लॅपटॉप बॅटरीवर असताना ही सोय थांबवलेली असू शकते, त्यामुळे चित्र बदलत नाही. दिसण्याच्या सुलभतेसाठी दिलेला पार्श्वचित्र लपवण्याचा पर्याय किंवा ठळक रंगभेदाची योजना चुकून चालू झाली तरी पार्श्वभूमी एकरंगी होते. कार्यालयाच्या लॅपटॉपवर व्यवस्थापकाने चित्र बदलणे बंद केलेले असू शकते, आणि विंडोजची प्रत सक्रिय केलेली नसेल तरी ही मोकळीक मिळत नाही. हे सगळे तपासून झाल्यावरच ग्राफिक्स ड्रायव्हरकडे वळावे. लोक उलट करतात: आधी ड्रायव्हर, मग नव्याने विंडोज, आणि फोल्डर शेवटी. छापखान्यात कच्ची छाप बिघडली की कागद, खुणा, शाई आणि दगड असे क्रमाने पाहतात. स्वस्त आणि वरवरचे कारण आधी तपासून बाजूला सारणे ही कारागिराची शिस्त आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे साम्य ओढून आणलेले आहे. दगडावर रसायन काम करते, पडद्यावर वीज. दोहोंचा काही संबंध नाही. साधने वेगळी आहेत, हे मान्य. पण माझा दावा साधनांचा नाही, अडचणींचा आहे. माप जुळवणे, छटा उतरवणे आणि मूळ प्रतीशी नाते न तुटू देणे, या तीन अडचणी ओला कागद किंवा पिक्सेल असल्याने पैदा होत नाहीत. एका जागचे चित्र दुसऱ्या जागी न्यायचे म्हटले की त्या येतातच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: छापखाना बुडाला तो हिशेबाच्या अपयशाने, त्यावरून चित्रकारापेक्षा कारागीर थोर, असे ठरत नाही. ते खरे आहे, आणि तसे मी म्हणतही नाही. रविवर्मा यांच्या चित्रांविना श्लायशरकडे छापण्याजोगे फारसे काही नव्हते. पण त्या कारागिरांविना ती चित्रे राजवाड्यांतच राहिली असती, हेही तितकेच खरे, आणि आपल्या इतिहासात पहिले वाक्य ठळक अक्षरांत आहे, दुसरे जवळजवळ नाहीच. तिसरा आक्षेप म्हणतो, आता हे सगळे संगणक आपोआप करतो, कारागीर हवा कशाला? उत्तर पडद्यावरच दिसते. आपोआप होते म्हणूनच माथा कापला जातो. मधला माणूस गेला तरी त्याचे काम शिल्लक राहिले आहे, आणि ते आता ज्याच्या हाती लॅपटॉप आहे त्याच्याकडे आले आहे.

मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत जळाला आणि त्याबरोबर मूळ छापचित्रांचा मोठा ठेवा गेला. हा धडाही या विषयाला धरूनच आहे: मूळ प्रत गेली की मागे उरते ती उतरत्या दर्जाची नक्कल. तेव्हा वाचकांना दोन विनंत्या. आपला चांगला फोटो लावताना मूळ फाइल एका कायमच्या जागी, आणखी एका प्रतीसह ठेवा, आणि बिघाड झाला तर माप, छटा, मूळ प्रत या क्रमाने पाहा. आणि मावळाचा इतिहास लिहिताना, शिकवताना, पाहुण्यांना दाखवताना किल्ले आणि लेण्यांच्या जोडीला मळवलीच्या दगडांवर झुकलेल्या कारागिरांनाही जागा द्या. महाराष्ट्राच्या कित्येक देव्हाऱ्यांतले देव कसे दिसावेत, हे त्यांनी आपल्या हातांनी घडवले आहे.