सुधाकराला काम कोण देणार?

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीने १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणले, तेव्हा नाटककाराच्या मृत्यूला जेमतेम महिना होत आला होता. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत दारूविषयी मराठी मनाची जी धारणा घडली, तिच्यावर या नाटकाइतका ठसा अन्य कोणत्याही कृतीचा नसेल. सिंधूचा सोशिकपणा, तळीरामाचे आर्यमदिरामंडळ, पहिल्या प्याल्यापासून सुरू होणारी घसरण हे सारे आपण पाठ्यपुस्तकांतून, नाट्यसंगीतातून, आजीच्या तोंडच्या आठवणींतून ऐकत आलो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत नाटकाचे तात्पर्य ठरलेले असते: पहिला प्याला घेऊ नये.

हे तात्पर्य चुकीचे नाही. खुद्द सुधाकरच रामलालापुढे व्यसनाच्या पायऱ्यांची जी चिकित्सा करतो, तिचा रोख तोच आहे. परंतु या तात्पर्याच्या प्रकाशात नाटकातला एक भाग आपल्या नजरेआड राहतो, असे आम्हांला वाटते. सुधाकर एकदा दारू सोडतो. निश्चयाने सोडतो, आणि मग काम मागायला बाहेर पडतो. ज्या प्रतिष्ठितांत तो कालपरवापर्यंत बुद्धिमान वकील म्हणून वावरत होता, त्यांच्याच दारांत त्याच्या वाट्याला अपमान येतो. त्यानंतर तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. मूल दगावते, सिंधू जाते आणि सुधाकर विष घेतो, ते सारे यापुढचे आहे.

पहिल्या प्याल्याला नाटकात एक निमित्त आहे. मुन्सफाशी झालेल्या खटक्यात सनद काही काळ जाते आणि त्या रिकाम्या, मानी दिवसांत तळीराम पेला पुढे करतो. दुसऱ्या पतनाचे निमित्त मात्र निराळे आहे. तिथे तळीरामाची गरज उरत नाही. सभ्य गृहस्थच पुरेसे ठरतात. टीकाकारांनी सुधाकराच्या स्वभावातील अहंकारावर बोट ठेवले, ते योग्यच. पण अहंकार त्याला पहिल्या प्रसंगी होता तसाच दुसऱ्या प्रसंगीही होता. मधल्या काळात बदलली ती समाजाची वागणूक. नाटक म्हणजे धोरणाचा मसुदा नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही व्यसन सोडणे आणि व्यसन सुटलेल्या माणसाने समाजात परतणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी नसेल तर पहिली टिकत नाही, हे गडकऱ्यांनी पाहिले होते, एवढे तरी म्हणता येईल.

हे पाहणे पुढे आपल्या कायद्यांत उतरले का, हा इतिहासाचा प्रश्न आहे. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. त्यामागे स्वातंत्र्यलढ्यातील निरोधनाची परंपरा होती आणि पुढच्याच वर्षी अमलात आलेल्या संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदानेही तेच ध्येय सांगितले. त्या कायद्याची दृष्टी पहिल्या प्याल्यावर होती: पेला हातात पडू नये, पडल्यास शिक्षा व्हावी. बंदी पुढे सैल होत गेली. तरी दारू पिण्यास परवाना लागतो ही तरतूद महाराष्ट्रात आजही कागदावर आहे. पिणाऱ्याचे पुढे काय, या प्रश्नाला मात्र त्या साऱ्या खटाटोपात गौण स्थान मिळाले.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत ब्राउन शुगर शिरली. आपल्याकडे तिला 'गर्द' हे नाव पडले. १९८५ साली केंद्राने अमली पदार्थांविरुद्धचा कायदा केला. त्यात सेवन करणाऱ्यासाठी सौम्य शिक्षेचे कलम होते, परंतु हेरॉइनबाबत त्याची मर्यादा २५० मिलिग्रॅम, म्हणजे पाव ग्रॅम इतकी ठेवलेली होती. त्याहून अधिक सापडल्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. पुडी विकून स्वतःच्या पुडीची सोय करणारा व्यसनी आणि त्याच्या जिवावर गब्बर होणारा व्यापारी यांत तराजूने फारसा भेद केला नाही. २००१ च्या दुरुस्तीने प्रमाणानुसार शिक्षेच्या श्रेणी आल्या. तोवर सोळा वर्षे लोटली होती.

याच काळात दुसरी वाटही फुटत होती. अनिल अवचटांनी गर्दग्रस्तांवर लेखमाला लिहिली. पुढे तिचे 'गर्द' हे पुस्तक झाले. ते लेखन वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिले, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ च्या ऑगस्टमध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' उभे राहिले. लेखनातून संस्था जन्मल्याचे असे उदाहरण आपल्या वाङ्मयेतिहासात विरळाच. तिथली पद्धत पाहिली की सुधाकराचा प्रश्न तिथे ओळखला गेला होता हे कळते. 'टर्की'चे, म्हणजे पदार्थ तुटल्यावर होणाऱ्या शारीरिक यातनांचे दिवस औषधांनी निभावता येतात. खरे काम त्यानंतरचे. म्हणून पाठपुरावा, म्हणून पत्नींसाठी 'सहचरी' गट, आणि म्हणूनच बऱ्या झालेल्या रुग्णांना तिथेच काम. सुधाकराला ज्या दारांतून हाकलले गेले, ते एक दार तरी इथे उघडे ठेवले गेले.

येरवड्यात मध्यवर्ती कारागृहही आहे. एकाच परिसरात एकीकडे व्यसनाकडे आजार म्हणून पाहिले जाते आणि दुसरीकडे अपराध म्हणून. या दोहोंमधला रस्ता कायद्याने मुळीच आखलेला नाही असे नाही. १९८५ च्याच कायद्याचे ३९ वे कलम, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनीला त्याच्या संमतीने शिक्षेऐवजी उपचारांसाठी पाठविण्याचा अधिकार न्यायालयास देते. कलम ६४-अ, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास खटल्यापासून संरक्षण देते. पण ते उपचार सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रातच हवेत, आणि उपचार पुरे न केल्यास हे संरक्षण काढून घेता येते. व्यसन हा पुनःपुन्हा उलटणारा आजार आहे. अर्ध्यावर सुटणे हे त्याचे लक्षणच. लक्षण दिसताच संरक्षण काढून घेण्याची मुभा ठेवणे म्हणजे ताप चढला म्हणून रुग्णाला खाटेवरून उतरविण्यासारखे आहे. उलट बाजूला कलम ३२-अ आहे. सेवनाचा गुन्हा वगळता या कायद्याखालील कैद्याला शिक्षेत सूट मिळत नाही. चांगल्या वर्तनाने आपली सुटका जवळ येते, ही इतर कैद्यांना असलेली आशा त्याला नाही.

सुटकेनंतरचा काळ तर याहून धोक्याचा. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका सर्वसामान्य रहिवाशांच्या सुमारे तेरापट, आणि अमली पदार्थाच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका शंभरपटींहूनही अधिक आढळला. याचे कारण शरीराच्या हिशोबात आहे. तुरुंगात सवय मोडते, सहनशक्ती उतरते. बाहेर आलेला माणूस जुन्याच मात्रेने परततो आणि ती मात्रा आता प्राणघातक ठरते. उपचारांवाचून केलेला कारावास व्यसन सोडवीत नाही, ते सुटकेच्या तारखेपर्यंत लांबवितो.

तुरुंगातून परतण्याचा विचार आपल्याकडे झालाच नव्हता, असेही म्हणवत नाही. १९३९ साली औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' वसविले: भिंतींवाचून कैद, शेतीचे काम, सोबत कुटुंब. त्याच परिसरातले ग. दि. माडगूळकर यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. १९८० मध्ये नेमलेल्या तुरुंग सुधारणा समितीने सुटकेनंतरची देखभाल हा राज्याच्या जबाबदारीचा भाग मानावा असा आग्रह धरला. त्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला स्वतः उर्दूचे मान्यवर कवी होते. म्हणजे कल्पना होती, प्रयोग होता, अहवाल होता. त्याला नियमाचे रूप मात्र आले नाही.

मधले अंतर किती आहे? एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला काही ना काही उपचार मिळतात. बेकायदा अमली पदार्थांच्या बाबतीत वीसांत एकाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत घेतल्या, आणि प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगात तरी मानसोपचाराची सोय असावी असे बंधन घातले. या पार्श्वभूमीवर मागणी अवाजवी ठरू नये. कैदेतच उपचार सुरू व्हावेत, त्यांत हेरॉइनच्या व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे असावीत. सुटकेच्या दिवशी कैद्याच्या हाती पुढील केंद्राची चिठ्ठी आणि कामाचा पत्ता असावा. घसरलेल्यास उपचारांचे दार पुन्हा उघडे असावे. आणि कलम ३९ हे अपवाद न राहता न्यायालयांचा नित्याचा विचार व्हावा.

यावर एक रास्त आक्षेप येईल: मग सिंधूचे काय? तिने सोसलेला मार, तिचे गेलेले मूल यांचा हिशोब कोणी द्यायचा? सुधाकराविषयीची सहानुभूती सिंधूच्या अंगावरचे वळ पुसणारी असेल, तर ती आम्हांलाही नको. परंतु नाटकाचा क्रम पुन्हा पाहावा. सिंधूवरचा अखेरचा घाला सुधाकराच्या पहिल्या प्याल्यातून आलेला नाही. तो, सोडलेला प्याला त्याने पुन्हा उचलल्यानंतरचा आहे. त्या मधल्या दिवसांत कोणी त्याला काम दिले असते, तर वाचली असती ती आधी सिंधू. परतीचा रस्ता बांधणे म्हणजे गुन्हेगाराचे लाड नव्हेत. ते पुढच्या बळीचे रक्षण आहे.

'एकच प्याला' शिकविताना पहिल्या प्याल्यावर एक तास खर्च होतो. दुसरा तास त्या बंद दारांसाठी राखून ठेवावा, एवढेच अध्यापक मित्रांना सुचवावेसे वाटते. सुधाकर का घसरला, हे आपण शंभर वर्षे विचारीत आलो. त्याला काम का मिळाले नाही, हे विद्यार्थ्यांना विचारू द्यावे.